भुताची हजामत

माझ्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीतून न उठता डोकं धुऊन घेतं. कोरड्या केसांवर शाम्पू ओतायचा, थोडं थोडं पाणी सोडत फेस काढायचा आणि वीस मिनिटं बोटांनी टाळू चोळायची. बेचाळीस वर्षांत एक दिवस सोडला तर माझ्या हातून फेसाचा एक थेंबही कुणाच्या मानेवर ओघळलेला नाही. ही फुशारकी नाही, कामच तसं आहे. फुशारकी मारायची तर मी म्हणेन, माझ्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं. कुणाला झोप नाही, कुणाचं सुनेशी वाजलंय, कुणी डॉक्टरच्या गोळ्या बंद केल्यात, सगळं.

म्हणून तर त्या गुरुवारचं अजून लागून राहिलंय. माझा थोरला भाऊ वेन-हाय दर गुरुवारी दुपारी दोनला डोकं धुवायला यायचा. त्या दिवशी बोटं मागं नेली आणि मध्येच गुळगुळीत लागलं. जरा पुढं दुसरं. कानामागे तिसरं. फेस बाजूला सारून पाहिलं, तर कसर लागलेल्या स्वेटरसारखे जागोजागी केस गेलेले.

"थांबलीस का?" दादानं आरशातून विचारलं.

"काही नाही. बोट दुखतंय."

डॉक्टर लोक याला चाई म्हणतील, आणखी काही म्हणतील. आमच्या आईकडं याला एकच नाव होतं, भुताची हजामत. माणूस झोपला की भूत उशाशी येऊन बसतं आणि वस्तरा फिरवतं. परकं भूत एवढ्या लांब कशाला येईल? ते ओळखीचंच असतं, काहीतरी मागायचं राहिलेलं. आणि दादाच्या घरात ओळखीचं भूत म्हटलं तर एकच होतं. सू-चिन, माझी वहिनी.

वहिनी गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मंडईत कारली निवडता निवडता खाली बसली ती उठलीच नाही. ही बाई हसायला लागली की गल्लीतली कुत्री भुंकायची. दादा जंगल-रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यापासून रोजच, गल्लीच्या टोकाला बुद्धिबळ मांडून बसायचा. संध्याकाळी सहाला वहिनी गॅलरीत येऊन सगळ्यांदेखत ओरडायची, "ए म्हाताऱ्या, जेवलास का? की सोंगट्याच खाणार आज?" लोक हसायचे, दादा मान खाली घालून उठायचा. चाळीस वर्षं त्याला जेवायला असंच बोलावलं गेलं.

आमच्याकडं रीत आहे, नवरा-बायकोनं एकमेकांना पोचवायला जायचं नाही. गेलं तर मेलेल्याचा जीव मागं राहिलेल्यात अडकतो, आणि त्याला दुसरं लग्न लाभत नाही. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला कुठं बोहल्यावर चढायचं होतं? पण रीत ती रीत, आणि घरात रीत सांभाळणारी मी. अंत्यविधीच्या दिवशी दादा बूट घालून दारात उभा होता. मी ते बूट काढायला लावले, त्याला खुर्चीत बसवलं, टीव्हीवर बेसबॉल लावून दिला आणि आम्ही वहिनीला घेऊन गेलो.

परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता. मॅच कधीच संपली होती.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"ऊन होतं?"

"होतं."

तेवढंच. तो रडला नाही. नातेवाइकांना मी कौतुकानं सांगत सुटले, "बघा, माझा दादा कसा खंबीर." खंबीर! आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याचा मुलगा नोकरीपायी लांब सिन्चू शहरात. रविवारी फोन करायचा, सणाला यायचा. मी दादाला एक दिवसाआड डबा धाडत होते. डबे घासूनपुसून परत यायचे, म्हणजे जेवतोय असं मी धरून चालले. नव्या वर्षानंतर एका गुरुवारी तो म्हणाला, "हुई, यावेळी जरा काळे कर."

"अगं बाई! कुणाला दाखवायचेत?"

"आरशाला."

मी हसत हसत रंग कालवला. वाटलं, सावरला माणूस. नवा शर्टही घेतला होता त्यानं, बिस्किटी रंगाचा. एवढ्याशा डोक्यात एवढं अज्ञान मावतं कसं, देव जाणे.

तर ते चट्टे मी पाहिले आणि दुसरं गिऱ्हाईक गेल्याबरोबर दुकानाचं शटर ओढलं. "दादा, घरी चल. वहिनीला कौल लावायचाय."

"कशाला?"

मी त्याच्या हातात आरसा दिला, मागून दुसरा धरला. त्यानं पाहिलं. "भुताची हजामत," मी म्हणाले. "तिला काहीतरी हवंय. आठ महिने झाले, आपण विचारलंच नाही."

दादाचा चेहरा आमच्या टॉवेलांसारखा पांढरा पडला. "राहू दे गं. औषध लावू काहीतरी." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला चोरही दिसला नाही आणि चांदणंही. मी त्याला ओढतच नेलं.

वहिनीला वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून तिच्या नावाची लाकडी पाटी अजून पूर्वजांच्या पाट्यांपासून वेगळी, बाजूच्या छोट्या टेबलावर होती. मी उदबत्ती लावली, लाल लाकडी कौल हातात घेतले. दोन तुकडे, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. एक उताणा एक पालथा पडला की हो. दोन्ही पालथे पडले की नाही. दोन्ही उताणे पडले, सपाट अंगं वर, की समोरचा नुसता हसतोय, उत्तर देत नाही. गंभीर प्रश्नाला ओळीनं तीन हो लागतात.

"वहिनी, दादाचे केस तूच काढतेस का?"

हो. उचलून पुन्हा टाकले. हो. तिसऱ्यांदा टाकले. हो.

मागं धप्प आवाज झाला. दादा गुडघ्यांवर बसला होता, कपाळ फरशीला टेकलेलं. "सू-चिन, चुकलं माझं. पुन्हा नाही जाणार. पुन्हा नाही जाणार."

"कुठं नाही जाणार?"

तो फरशीवर कपाळ घासत राहिला.

"दादा, कुठं?"

"स्टेशनामागच्या चहाखान्यात."

त्या चहाखान्यात कुणी चहासाठी जात नाही, हे आमच्या चियायी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अंधारी खोली, गाण्याचं मशीन, बशीत कापलेले पेरू, आणि शेजारी बसायला बायका, बहुतेक आमच्याच वयाच्या. कुणाचं गाण्यावर भागतं. कुणी जिना चढतं.

"जिना चढलास?"

"चढलो."

"कधीपासून?"

"नव्या वर्षापासून. पाओ-चू म्हणून आहे एक."

"आणि ते वापरलंस का... रबर?"

दादानं मान वर केली. एवढ्या रडव्या तोंडानंही मला शहाणपण शिकवायला निघाला. "या वयात कुणाला मूल होणारेय, हुई?"

साठी बुद्धी नाठी, आणि हा तर सत्तरीला आलेला. मी त्याची अशी बिनपाण्यानं हजामत केली की भुतानं माझ्याकडं येऊन शिकावं. आईचं नाव काढलं, वडलांचं काढलं, बिस्किटी शर्टाचं काढलं. तो ऐकत राहिला. मी दम घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं, की तो इतका वेळ मुठी आवळून बसलाय. आणि गेले दोन आठवडे दुकानातही तो पांढरे सुती हातमोजे घालून येत होता. कुंड्यांतलं तण काढतो, म्हणायचा.

"हात उघड."

"नको."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मोजे ओढून काढले, एकेक बोट उलगडलं. दोन्ही तळव्यांवर तांबूस, खपल्यासारखे ठिपके. "खाजत नाहीत," तो म्हणाला, जणू तीच मोठी सोय. "पायांनाही आहेत."

मी डॉक्टर नाही. पण खुर्चीत बसलेल्या बायका मला बेचाळीस वर्षं सगळं सांगत आल्यात, आपल्या नवऱ्यांच्या भानगडींसकट. असे ठिपके कशाचे, ते मी ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्कूटरवर मागं बसवून ल्याओ डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी डोकं पाहिलं, मग तळवे, मग तळपाय. मला म्हणाले, "ताई, तुम्ही जरा बाहेर बसता?"

"तिला सगळं माहीत आहे," दादा म्हणाला.

"मग बसा." रक्त घेतलं. तीन दिवसांनी निकाल आला. मोठा आजार नव्हता, एड्सची तपासणी ठीक आली. पण गरमी होती, सिफिलिस म्हणतात ती, आणि अंगभर पसरली होती. केस त्यानंच गेले होते, हातही त्यानंच रंगले होते.

डॉक्टर चाळिशीचे असतील, पण आवाज म्हाताऱ्या माणसासारखा सावकाश. "काका, लाज वाटून घेऊ नका. बायको गेल्यानंतर वर्षाच्या आत इथं येणारे बरेच असतात. कुणी दारूला लागतं, कुणी असं. एकटं झोपवत नाही, हे त्यामागचं खरं दुखणं. त्याला माझ्याकडं इंजेक्शन नाही. याला आहे. आत्ता दोन सुया घ्या, एकेका बाजूला एक. पुढं अधूनमधून रक्त तपासू. केससुद्धा परत येतील."

"आणि नाही घेतल्या तर?" दादानं विचारलं.

"आत्ता ठिपके जातील, तुम्हाला वाटेल बरं झालं. मग काही वर्षांनी डोळे, हृदय, मेंदू."

दादा उठला. शर्टाच्या बाह्या खाली ओढून त्यानं बटणं लावली. "आभारी आहे, डॉक्टर. मला नको."

मी त्याला जिन्यात गाठलं. "नको म्हणजे?"

"तूच विचारलंस तिला. ती तीनदा हो म्हणाली. तिनं दिलेलं मी सुईनं काढून टाकू? माझं मीच ओढवून घेतलं, हुई. भोगू दे."

भूत माझंच होतं. मीच त्याला घरात आणलं, पाट मांडला, उदबत्ती लावली. आता "अरे, हा जंतू आहे, भूतबित काही नाही" म्हणायची सोय माझी मीच घालवून बसले होते. मी म्हटलं तरीही. तो म्हणाला, "मग तेव्हा ती खोटं बोलली?" वहिनी खोटारडी, हे माझ्या तोंडून निघेना.

मी चार दिवस दुकानात मान खाली घालून डोकी धुतली. एका बाईच्या मानेवर फेस ओघळला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पाचव्या दिवशी भर दुपारी टर्कीचा भात बांधून घेतला, दोन डबे, आणि दादाकडं गेले. तो जेवणाच्या टेबलाशी बसला होता. समोर काही नाही. मी एक डबा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं झाकण काढलं, पण जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत.

"एक विचारू?" मी म्हणाले. "ओरडणार नाही."

"तू? न ओरडता?"

"प्रयत्न करते. दादा, का गेलास रे तिथं?"

"संध्याकाळचे सहा वाजतात ना," तो म्हणाला, "ते वाजायला नकोत असं वाटतं. पटावर बसलो असलो तरी कान गॅलरीकडं. पहिले दोन महिने मी सहाला उठून घरी यायचो. मग यायला पाय धजेना. स्टेशनाकडं फिरत राहायचो. एक दिवस त्या दारात ती उभी होती. म्हणाली, 'काका, जेवलात का?' बस. एवढंच म्हणाली. मी आत गेलो."

"जेवायला तर मी डबे देत होते!"

"डबे देत होतीस. विचारलं नव्हतंस."

हे त्यानं रागानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. माझा डबा दुकानातली पोरगी नेऊन द्यायची. दाराला अडकवून यायची.

"आणि रबर? खरं सांग. मूलबिल सोड."

"तिनं पुढं केलं होतं पहिल्या दिवशी. मीच नको म्हटलं. मला वाटायचं, होईल काही तर होऊ दे. रस्ता ओलांडताना पण मी हल्ली डावी-उजवीकडं बघत नव्हतो, हुई. तसंच ते."

मी त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. वहिनीची खुर्ची. रडू आवरायची माझी खूप जुनी सवय आहे, पण त्या दिवशी ती कामी आली नाही. "मी तुझे बूट काढायला लावले," मी म्हणाले. "तू निघाला होतास. मी टीव्ही लावून दिला तुला. बेसबॉल!"

"रीत आहे."

"चुलीत गेली ती रीत! चाळीस वर्षं जिनं तुला हाक मारली, तिला तू साधं 'येतो' पण म्हणाला नाहीस. मी म्हणू दिलं नाही."

दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला, ठिपक्यांचा हात, मग आठवून चटकन मागं घेतला. मी तो पकडून पुन्हा पाठीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मी विचारतो तिला. सुई घेऊ का म्हणून. हो म्हणाली तर घेईन. पण तीनदा."

माझा जीव टांगणीला लागला. तीनदा सलग हो पडणं काय सोपं आहे? गेल्या वेळी पडलं ते माझ्या मुळावर आलं होतं. देवळात कौल लावताना हात खाली धरला, हलकेच सोडला, की मनासारखे पडतात, हे मला ठाऊक आहे, लग्नं जमवताना मी केलंयही. पण कौल दादाच्या हातात होते. त्यानं ते उदबत्तीच्या धुरावरून फिरवले, कपाळाला लावले आणि उंच उडवले.

दोन्ही उताणे. हसणं.

"पुन्हा टाक," मी म्हणाले.

दोन्ही उताणे.

दादाच्या भुवया वर गेल्या. तिसऱ्यांदा त्यानं नीट, जवळून टाकले. एक थेट उताणा पडला. दुसरा कडेवर उभा राहिला, फिरला, टेबलाच्या पायाला आपटला आणि तोही उताणा झाला.

आम्ही दोघंही वाकून त्या तुकड्यांकडं बघत होतो. हे हो नव्हतं. नाहीही नव्हतं. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात दादाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. वाटलं, खोकतोय. तो हसत होता.

"हसतेय," तो म्हणाला. "अशीच हसायची. चष्मा डोक्यावर ठेवून मी घरभर शोधत फिरलो की खुर्चीत बसून... सांगायची नाही, नुसती हसायची... अशीच..."

आणि मग तो रडला. आठ महिन्यांचं एकदम. खांदे, पाठ, गुडघे, सगळा माणूस रडत होता. मी त्याला गप्प राहा म्हटलं नाही. खंबीर राहा तर मुळीच म्हटलं नाही. बोटांनी त्याची टाळू चोळत राहिले, फेसाशिवाय, पाण्याशिवाय. गुळगुळीत लागलं तिथंही चोळली.

बऱ्याच वेळानं तो नाक पुसून बसला.

"दादा," मी म्हणाले, "रागावलेली बाई तीनदा हसेल का रे?"

"सू-चिन?" त्यानं विचार केला. "रागावली की दोन दिवस बोलायची नाही. हसायची तर नाहीच."

"मग?"

"मग काय. उद्या चल डॉक्टरकडं." त्यानं गार झालेला भात ओढून घेतला आणि सगळा संपवला. माझ्या डब्यातलाही अर्धा.

दोन्ही सुया कमरेखाली, एक डावीकडं, एक उजवीकडं. औषध घट्ट असतं, सावकाश जातं. पडद्याआडून दादा अशा शिव्या देत होता की कारखान्यातली इंजिनं लाजली असती. बाहेर आला तो दोन्ही पाय फाकवून. स्कूटरवर बसायची सोय नव्हती, म्हणून मी स्कूटर हातानं ढकलत चालले आणि तो शेजारून लंगडत.

"पाओ-चूला सांगायला हवं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, तिलाही तपासावं लागेल."

"सांग की."

"मी परत तिथं जाणार नाही, असं कबूल केलंय ना सू-चिनला."

म्हणजे जायचं मीच. चौसष्टाव्या वर्षी, सकाळी अकराला, मी चहाखान्याच्या दारात उभी राहिले. पाओ-चू पेरू चिरत होती. जाडसर, पन्नाशीची, पायात फुलाफुलांच्या सपाता. मी मनात काय काय बोलायचं ठरवून गेले होते! वेन-हायची बहीण, एवढंच म्हणाले आणि निरोप सांगितला. सुरी थांबली.

"तो आला नाही?"

"लाजतोय."

"पण निरोप धाडला," ती म्हणाली. "इथं कुणी धाडत नाही, ताई. यायचे बंद होतात, मग आपण समजायचं." तिनं चिरलेला पेरू माझ्यापुढं सरकवला. "जाते मी आरोग्य केंद्रात, तिथं नाव विचारत नाहीत. तुमचा भाऊ आता झोपतो का?"

"म्हणजे?"

"अहो, वर आला की अर्ध्या वेळा नुसता झोपायचा. माझा हात घट्ट धरून. आणि झोपेत कुणाला तरी ओरडून सांगायचा, 'आलो गं, आलो!' मला वाटायचं, बायको असेल. मी पण म्हणायची, 'ये.'"

मी पेरू खाल्ला. मीठ-मसाला लावलेला होता, छान होता. येताना तिला माझ्या दुकानाचा पत्ता दिला. म्हटलं, डोकं धुवायला या, कधीही. ती दादाच्या गुरुवारी आली नाही, शहाणी बाई, सोमवारी आली. तिचंही दुखणं निघालं, तिनंही सुया घेतल्या.

महिन्याभरात दादाचे तळवे साफ झाले. एका गुरुवारी तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "धुऊ नकोस. सगळे काढ."

"सगळे?"

"काळे नकोत आता. नवे येतील ते त्यांच्या रंगाचे येऊ देत."

मी वस्तरा घेतला. भुतानं अर्धवट सोडलेली हजामत मी पुरी केली. लख्ख डोकं झालं. आरशात त्यानं ते इकडून तिकडून पाहिलं, टोपी चढवली. पण उठला नाही.

"हुई, ती आहे ना, तिथं... टेकडीवर. कितव्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"ने मला."

वाटेत त्यानं टर्कीच्या भाताचे दोन डबे घेतले, जादा लोणच्याचे. अस्थी ठेवायच्या त्या मनोऱ्यात दुपारी कुणी नव्हतं. भिंतभर छोटी छोटी दारं, पोस्टाच्या पेट्यांसारखी. मी तिचं दार दाखवलं आणि मागं सरले. वरती तिचा फोटो होता, मीच निवडलेला, तोंड मिटलेला. हसरा शोभत नाही म्हणून. आता वाटतं, बदलायला हवा.

दादानं टोपी काढली. फोटोतली बाई त्याचं टक्कल पाहून काय म्हणाली असती, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. एक डबा त्यानं खालच्या ओट्यावर ठेवला, काड्या नीट लावल्या, दुसरा स्वतःच्या हातात धरला. मग घसा साफ केला आणि तिसरा मजला घुमेल अशा आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा, त्यानं तिला हाक मारली.

"ए म्हातारे! जेवलीस का?"